टीव्हीवरचे लैंगिक संदेश आणि घरातली किशोरवयीन मुलं: पुण्यातल्या पालकांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तसलं दृश्य लागलं की आम्ही चॅनेल बदलतो. त्यात चुकतं काय?

झटकन रिमोट उचलणं हेही एक प्रकारचं बोलणंच आहे. मुलाला त्यातून दोन गोष्टी कळतात. पडद्यावर काहीतरी महत्त्वाचं चाललं होतं, आणि या घरात त्याबद्दल विचारायचं नसतं. तेच दृश्य तो दुसऱ्या दिवशी क्लासच्या बाहेर मित्राच्या फोनवर पाहतो, आणि तिथे अर्थ सांगायला त्याच्याच वयाची पोरं असतात.

न बोलता सोबत बसून पाहणंही फारसं बरं नाही. आईबाबांनी पाहिलं आणि काही म्हटलं नाही, म्हणजे त्यांना हे चालतं, असा अर्थ मुलं काढतात. चॅनेल बदलायचंच असेल तर कारण सांगून बदला. "मला हे तुझ्यासोबत बघताना अवघडल्यासारखं होतंय, म्हणून बदलते. पण त्यानं तिला एकदाही विचारलं नाही, ते मला खटकलं." एवढं पुरतं. यात लाज लपवलेली नाही आणि मुद्दाही सुटलेला नाही.

लैंगिक संदेश म्हणजे चुंबन, मिठी, बेडरूमची दृश्यंच ना? आमच्या घरी तर फक्त मराठी मालिका लागतात.

बहुतेक घरांत गफलत होते ती इथेच. अंगप्रदर्शनावर सगळ्यांचं लक्ष असतं. पण स्त्री-पुरुष संबंध कसे असावेत याचे धडे साध्या कौटुंबिक मालिकेतूनही रोज मिळतात, आणि ते पदरात पडतात कारण कुणी चॅनेल बदलत नाही. नायिका चार वेळा नाही म्हणते आणि पाचव्यांदा हसते. नवरा मनगट पिरगाळून तिला खोलीत ओढत नेतो आणि मागे रोमँटिक संगीत वाजतं. लग्नाआधी दिवस गेले की चर्चा घराण्याच्या अब्रूची होते, त्या मुलीच्या तब्येतीची नाही. विनोदी कार्यक्रमात पुरुष साडी नेसून आला की हशा, बायकी चालीच्या मुलाला टोमणा मारला की पुन्हा हशा. जाहिरातीत स्प्रे मारला की मुली मागे लागतात.

आमच्या मते तेरा वर्षांच्या मुलाला एखाद्या चुंबनापेक्षा त्या मनगट पिरगाळण्याबद्दल चार शब्द सांगणं कितीतरी जास्त गरजेचं आहे.

कितव्या वर्षापासून बोलायचं?

वयात यायच्या आधी. म्हणजे साधारण नऊ-दहाव्या वर्षी, कारण मुलींची पाळी या वयाच्या आसपासही सुरू होऊ शकते. या वयात जाहिरातीपुरतंच बोला: हे विकायला बनवलंय, खरं नाही. सातवी ते नववीत विषय मालिका आणि गाण्यांचा: कोण कोणाला विचारतंय, कोणाचं ऐकलं जातंय. दहावीनंतर गर्भनिरोधन, संमती, कायदा हे सगळं मोकळेपणानं यायला हवं. मुलगा अकरावीला गेला आणि आजवर एकदाही विषय निघालेला नाही, तरी उशीर झाला असं समजून सोडून देऊ नका. सुरुवात जाहिरातीनंच करा, मोठ्या मुलांनाही ती चालते.

सुरुवात जाहिरातीनंच का? आणि करायचं काय नेमकं?

जाहिरात तीस सेकंदांची असते, पुन:पुन्हा लागते आणि तिच्यावर मुलांचा जीव नसतो. आवडत्या नायकाबद्दल काही बोललं की मुलं त्याची बाजू घेतात, साबणाची बाजू कुणी घेत नाही. शिवाय माल भरपूर आहे. नियमानं एका तासात बारा मिनिटांपर्यंत जाहिराती दाखवता येतात. तीस सेकंदांचा हिशेब धरला तर तासाला चोवीस.

एक डिओ, बाइक किंवा परफ्यूमची जाहिरात निवडा. टीव्हीवर थांबवता येत नसेल तर यूट्यूबवर काढा. तीनदा पाहायची. पहिल्यांदा नेहमीसारखी. दुसऱ्यांदा आवाज बंद करून. तिसऱ्यांदा डोळे मिटून, फक्त ऐकायची. आवाज बंद केला की नजरा आणि अंगं दिसतात, डोळे मिटले की संगीत आणि घोगरा आवाज किती काम करतात ते कळतं. मग मुलाच्या हातात फोनचं स्टॉपवॉच द्या: प्रत्यक्ष वस्तू किती सेकंद दिसली? माणसांची शरीरं किती सेकंद? हे त्यानं स्वतः मोजायचं, तुम्ही सांगायचं नाही.

शेवटी कागदावर तीन ओळी: वस्तू काय करते (वास येतो), जाहिरात काय कबूल करते (मुली भाळतील), आणि ही कबुली पाळली नाही तर दुकानदार पैसे परत देईल का. तिसऱ्या ओळीवर मुलं हसतात, आणि तिथेच त्यांना खरं कळलेलं असतं.

मोठ्या मुलांसोबत अदलाबदल करून पाहा. बाइकवर रेलून उभ्या असलेल्या मुलीच्या जागी त्याच कपड्यांत, त्याच पोझमध्ये मुलगा कल्पून पाहायला सांगा. तो हास्यास्पद का वाटला, आणि मुलगी का नाही वाटली? इथे दहा मिनिटं गेली तरी जाऊ द्या.

हे आठवड्यातून एकदाच करा. प्रत्येक जाहिरातीला थांबवून शिकवणी घेतली की चौथ्या दिवशी मुलं उठून जातात.

मालिका किंवा सिनेमा पाहताना काय विचारायचं?

प्रश्न छोटा हवा, ब्रेकमध्ये मावेल असा, आणि त्याचं उत्तर तुम्हाला आधीच ठरवून ठेवता येऊ नये. "हे चूक आहे ना?" हा प्रश्न नाही, ती हजेरी आहे. त्याऐवजी:

"तिला काय हवंय, हे आपल्याला कुठल्या प्रसंगात कळलं?"
"हाच सीन तिच्या मैत्रिणीनं सांगितला असता तर कसा सांगितला असता?"
"यांनी काय दाखवलं नाही?"

तिसरा प्रश्न आमच्या दृष्टीनं सगळ्यांत कामाचा. पडद्यावर दिवा मालवतो आणि पुढचा सीन सकाळचा असतो. मधलं विचारणं, थांबणं, कंडोम, भीती, नंतरचे दिवस, सगळं कापलेलं असतं. कैसर फॅमिली फाउंडेशननं २००५ मध्ये अमेरिकी टीव्हीची पाहणी केली, तेव्हा ७० टक्के कार्यक्रमांत लैंगिक आशय होता, पण त्यांतल्या फक्त १४ टक्के कार्यक्रमांत धोक्याचा किंवा जबाबदारीचा उल्लेख होता. आकडे तिकडचे आहेत, पण गाळलेल्या जागा ओळखायची सवय इकडेही तितकीच उपयोगी पडते.

विचारल्यावर थांबा. पाच-सहा सेकंदांची शांतता पालकांना जड जाते आणि ते स्वतःच उत्तर देऊन टाकतात. मुलाचं उत्तर "माहीत नाही" असलं तरी चालेल, प्रश्न डोक्यात राहतो.

आयटम साँगबद्दल बोलताना मुलगी चिडली. "तुम्हाला तिचे कपडे खटकतात," म्हणाली. आमचं चुकलं का?

कपड्यांपासून सुरुवात केली असेल तर हो. नाचणारीच्या कपड्यांवर टीका झाली की मुलीला ऐकू येतं ते असं: बाई कशी वागते यावर तिची किंमत ठरते, आणि उद्या मला कुणी त्रास दिला तर आधी माझे कपडे बघतील. मुलाला ऐकू येतं, दोष तिचा. टीव्ही जे शिकवतो तेच आपण वेगळ्या शब्दांत शिकवतो.

बोलायचं ते कॅमेऱ्याबद्दल. लॉ कॉलेज रस्त्यावर एफटीआयआय ही सिनेमा शिकवणारी संस्था असलेल्या शहरात सिनेमाची भाषा मुलांना शिकवणं परकं वाटू नये. त्यासाठी चारच गोष्टी पुरतात. कॅमेरा कुठे ठेवलाय, वर की खाली? फ्रेममध्ये चेहरा आहे की फक्त कंबर, पाय, पाठ? वेग कमी कुठे केलाय? आणि हे आपण कुणाच्या नजरेतून पाहतोय? गाण्याचं एक कडवं लावून मुलांना मोजू द्या: किती शॉटमध्ये नाचणारीचा चेहरा दिसतो आणि किती शॉटमध्ये डोकं फ्रेमबाहेर आहे. नायकासाठीही तेच मोजा. दोन आकडे शेजारी लिहिले की भाषण द्यावं लागत नाही.

गाण्याचे शब्दही एकदा कागदावर लिहून, चाल न लावता वाचायला लावा. विसर्जन मिरवणुकीत किंवा लग्नाच्या वरातीत ज्यावर सगळी गल्ली नाचते, त्याच ओळी साध्या आवाजात वाचताना मुलं अडखळतात. नाचू नका असं सांगायची गरज नाही. आपण काय म्हणतोय ते माहीत असलं म्हणजे झालं.

नायक मागे मागे फिरतो, शेवटी ती हो म्हणते. मुलगा म्हणतो, "प्रेमात एवढं चालतंच." काय सांगावं?

त्याला कायदा सांगा, धाक म्हणून नाही, माहिती म्हणून. स्पष्टपणे नको म्हटल्यावरही एखाद्या स्त्रीचा वारंवार पाठलाग करणं, संपर्क साधत राहणं, तिच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणं हा २०१३ पासून आपल्याकडे स्वतंत्र गुन्हा आहे. तेव्हा तो भारतीय दंड संहितेच्या कलम ३५४ड खाली होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. पहिल्यांदा दोषी ठरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत.

मग सिनेमाकडे परत या. पटकथा लिहिणाऱ्याला शेवट आधीच माहीत असतो, ती हो म्हणणारच असते. म्हणून मधला पाठलाग गोड वाटतो. खऱ्या आयुष्यात बसस्टॉपवर उभ्या असलेल्या मुलीला शेवट माहीत नसतो. तिला फक्त कुणीतरी रोज मागे येतंय एवढंच दिसतं. मुलाला त्याच कथेतला तिसरा दिवस तिच्या बाजूनं सांगायला लावा: ती घरी काय सांगते, रस्ता बदलते का, क्लास सोडते का.

संमतीबद्दल एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीची लैंगिक संबंधाला संमती कायदा धरत नाही. दोघं एकमेकांच्या मर्जीनं वागत असले तरीही. कॉलेजच्या मालिकांमधली पात्रं सोळा-सतरांची असतात, पण हे कुठल्याच पात्राच्या तोंडी येत नाही.

योग्य शब्दच सापडत नाहीत. मराठीत एक तर शिवी, नाही तर संस्कृत.

अडचण खरी आहे. पण शाळेनं अर्धं काम केलेलं आहे. सेनापती बापट रस्त्यावरच्या बालभारतीच्या दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये मानवी प्रजनन आणि मासिक पाळी हे विषय आहेत. शिश्न, योनी, गर्भाशय, वृषण हे शब्द तिथलेच वापरा. पहिल्या दोन वेळा जीभ अडखळेल. कंडोमला कंडोम म्हणा, पाळीला पाळी. "ते", "तसलं", "शूची जागा" असे शब्द घरात राहिले की मुलांना गंभीर प्रश्नही त्याच शब्दांत विचारावा लागतो, आणि ती विचारत नाहीत.

बोलायला लागलं की मुलगा उठून जातो.

समोरासमोर बसवून "आपल्याला बोलायचंय" म्हटलं की कुणीही पळेल. जिथे नजरेला नजर द्यावी लागत नाही अशा जागा शोधा. दुचाकीवर मागे बसलेला असताना, पर्वतीच्या पायऱ्या चढताना, सकाळी हनुमान टेकडीवर, भाजी निवडताना. बोलणं दोन मिनिटांत संपवा आणि विषय बदला. म्हणजे पुढच्या वेळी त्याला भीती वाटत नाही.

त्याच्या उत्तरावर दचकू नका. "हे तुला कुणी सांगितलं?" हे पहिलं वाक्य आलं की चौकशी सुरू झाली असं त्याला वाटतं.

हॉलमध्ये एकच टीव्ही, आजी-आजोबा समोर. तिथे कसं बोलणार?

तिथे बोलू नका. मोठ्यांदेखत मुलाला या विषयावर उत्तर द्यायला लावणं म्हणजे त्याला उघडं पाडणं. लक्षात ठेवा आणि नंतर स्वयंपाकघरात किंवा गच्चीवर काढा: "मघाच्या त्या सीनमध्ये..." आजी-आजोबांना मात्र आधी एक विनंती करून ठेवा: नातवंडांसमोर "अशा मुलींचं असंच होतं" अशी वाक्यं टाळा. अनेक आज्या पुढे होऊन मदत करतात. त्यांच्या काळात लग्न ठरताना मुलीला विचारलं गेलं का, हा प्रश्न नातीनं आजीला विचारला तर कुठल्याही मालिकेपेक्षा जास्त कळतं.

हे आईनं सांगावं की बाबांनी?

दोघांनी. मुलाशी बाबांनी आणि मुलीशी आईनं अशी वाटणी केली की मुलाला बाईची बाजू कधी ऐकायलाच मिळत नाही. एकच पालक असलेल्या घरात मामा, आत्या, काकू, विश्वासातलं कुणीही चालेल.

लॉक लावलं की काम भागेल का?

दहा-बारा वर्षांपर्यंत बऱ्यापैकी, पुढे नाही. सेट-टॉप बॉक्सचा चार आकडी पिन कंपनीनं दिलेलाच ठेवला तर मुलं पहिल्याच दिवशी ओळखतात. तो बदला आणि घरातल्या कुणाची जन्मतारीख ठेवू नका. ओटीटीवर मुलासाठी वेगळं प्रोफाइल करा, वयोमर्यादा ठरवा, आणि स्वतःच्या प्रोफाइललाही पिन लावा. नाहीतर मूल सरळ तुमच्याच नावावर टिचकी मारतं.

टीव्ही आणि ओटीटी यांतला फरकही माहीत हवा. 'ए' प्रमाणपत्राचा सिनेमा टीव्हीवर तसाच दाखवता येत नाही. काटछाट करून नवं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ओटीटीला २०२१ चे नियम लागू आहेत. तिथे कंपनी स्वतःच यू, यू/ए ७+, १३+, १६+ किंवा ए अशी वर्गवारी लावते, आणि १३+ पासून पुढे लॉकची सोय देणं बंधनकारक आहे. त्यामुळे "हा सिनेमा टीव्हीवर पाहिलाय, चालेल" असं समजून ओटीटीवर लावला तर वेगळीच दृश्यं समोर येऊ शकतात.

टीव्ही पाहून मुलं लवकर बिघडतात हे सिद्ध झालंय ना?

एवढं सरळ नाही. अमेरिकेत २००४ मध्ये १२ ते १७ वयाच्या सुमारे १,८०० मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लैंगिक आशय जास्त पाहणाऱ्यांमध्ये पुढच्या वर्षभरात शरीरसंबंध सुरू होण्याचं प्रमाण जास्त आढळलं. पण २०११ मध्ये इतर संशोधकांनी अशाच एका दुसऱ्या अभ्यासाची आकडेवारी नव्यानं तपासली, मुलांमधले आधीचे फरक हिशेबात घेतले, तेव्हा तिथला संबंध टिकला नाही. ज्यांना आधीच या विषयात रस आहे ती मुलं तसे कार्यक्रम जास्त शोधतात, हेही शक्य आहे.

कामाची गोष्ट दुसऱ्याच एका अभ्यासात आहे. २००१ मध्ये एका लोकप्रिय अमेरिकी मालिकेत कंडोम असूनही गर्भ राहिल्याचा भाग दाखवला गेला. त्यात कंडोमच्या परिणामकारकतेचा आकडाही होता. ज्या मुलांनी तो भाग मोठ्यांसोबत पाहिला किंवा त्यावर मोठ्यांशी बोलणं केलं, त्यांना कंडोमविषयी नेमकी माहिती जास्त राहिली. सोबत असलेलं माणूस फरक पाडतं, हे यातून दिसतं.

जाहिराती आणि मालिकांमधून चुकीची माहिती गेली असेल तर?

ती नाव घेऊन दुरुस्त करा. कंडोम दर वेळी अगदी बरोबर वापरला तर वर्षभरात शंभरपैकी साधारण दोन जोडप्यांत गर्भ राहतो. लोक प्रत्यक्षात जसा वापरतात तसा धरला तर साधारण तेरा. लैंगिक संबंधांतून होणाऱ्या संसर्गांपासून संरक्षणही तोच देतो. इमर्जन्सी गोळी ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली. ती रोजची गोळी नाही आणि ती घेऊन गर्भपात होत नाही. हस्तमैथुनानं अशक्तपणा येत नाही. गोरेपणा आणि आकर्षण यांचा संबंध विकणाऱ्यानं जोडलेला आहे.

तुम्हालाच खात्री नसेल तर "मला माहीत नाही, शोधून सांगतो" म्हणा आणि दोन दिवसांत खरंच सांगा. डॉक्टरांकडूनच ऐकायचं असेल तर सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी 'मैत्री' क्लिनिक असतात.

शाळेच्या स्नेहसंमेलनात पाचवीच्या मुलांचा मोठ्यांच्या गाण्यावर नाच आहे. बोलावं का?

बोलावं, पण गाणं ठरायच्या आधी, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच. पोशाख शिवून झाल्यावर शिक्षक काही करू शकत नाहीत. माहिती व प्रसारण मंत्रालयानं जून २०१९ मध्ये वाहिन्यांना सूचना दिली होती की नृत्याच्या रिअॅलिटी शोमध्ये लहान मुलांना अशोभनीय, सूचक हावभाव करायला लावू नयेत. जे टीव्हीलाही सांगावं लागलं ते शाळेला सांगताना संकोच नको. सोबत दोन पर्यायी गाणी घेऊन जा.

एखादा कार्यक्रम किंवा जाहिरात फारच आक्षेपार्ह वाटली तर तक्रार कुठे?

आधी नोंद करा: वाहिनी, कार्यक्रम, तारीख, वेळ, आणि नेमकं काय दाखवलं ते दोन-तीन वाक्यांत. "अश्लील आहे" एवढ्यावर काही होत नाही. केबल टीव्ही नियमांच्या नियम ६ मध्ये स्त्रीच्या शरीराचं हीन चित्रण आणि मुलांची अवहेलना या गोष्टी मनाई म्हणून लिहिलेल्या आहेत. त्यांच्याशी दृश्य जोडून लिहा.

जून २०२१ च्या दुरुस्तीनुसार तक्रार प्रथम वाहिनीकडे जाते. २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत उत्तर मिळायला हवं. समाधान झालं नाही तर वाहिन्यांच्या स्वयंनियामक संस्थेकडे जायचं. मनोरंजन वाहिन्यांसाठी ते काम बीसीसीसी, म्हणजे ब्रॉडकास्टिंग कंटेंट कम्प्लेंट्स कौन्सिल करते. तक्रार कुठे करायची याची पट्टी वाहिनीवर अधूनमधून सरकत असते, तिचा फोटो काढून ठेवा. जाहिरातींसाठी मुंबईची अॅस्की, म्हणजे जाहिरात मानक परिषद. जून २०२२ मध्ये एका बॉडी स्प्रेच्या जाहिराती लोकांच्या संतापानंतर मंत्रालयानं काढायला लावल्या होत्या, त्या बलात्काराला हलक्यात घेणाऱ्या होत्या.

तक्रारीचा मसुदा मुलांकडून लिहून घ्या. नेमकं काय खटकलं हे शब्दांत मांडताना ती तुमच्यापेक्षा जास्त बारकाईनं पाहतात.

असं बोलता बोलता मुलीनं सांगितलं की तिच्याबाबतीतही असं काही घडलंय. आता?

टीव्ही बंद करा आणि ऐका. "तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही." पुन:पुन्हा तपशील विचारू नका, तुमचे शब्द तिच्या तोंडी घालू नका, आणि "कुणालाच सांगणार नाही" असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. पॉक्सोच्या कलम १९ नुसार अशी माहिती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) किंवा ११२ (आपत्कालीन मदत) ला फोन करा. प्रकार नुकताच घडला असेल तर कपडे धुऊ नका, अंघोळ घालू नका. वैद्यकीय तपासणीसाठी आधी एफआयआर असावीच लागते असं नाही, मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करतात, आणि रुग्णालयाला उपचार विनामूल्य द्यावे लागतात. नंतर मनाच्या आधारासाठी टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६.

हे मुलाच्या बाबतीतही तसंच. मुलगे सांगायला जास्त वेळ घेतात.

काही फरक पडतोय हे कळणार कसं?

मार्कांसारखं मोजता येत नाही. पण दोन-तीन महिन्यांनी एखाद्या दिवशी मालिका चालू असताना तुमच्याआधी तोच पुटपुटतो, "अरे, तिला विचार की!" किंवा मुलगी जाहिरात पाहून म्हणते, "डोकंच नाही दाखवलं तिचं." तेव्हा काही बोलू नका. मान हलवा आणि ब्रेक संपू द्या.